पॉली बुशचं काम: पुढचं पूर्ण, मागचं अर्धं

सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारे रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे, म्हणजे पॉली, बसवायचं काम चालू आहे. गाडी साठच्या दशकातली. पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे दुफाटी आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे. खालच्या विशबोनचे चारही बुश, अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कमी कलू देणारा दांडा) दोन आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक धरणारा झुलता दुवा) सगळे पॉलियुरेथेनचे झाले. पाट्यांच्या पुढच्या डोळ्यांत (टोकाच्या गोल वळशांत) मात्र मुद्दाम नवं रबरच घातलंय.

किट शोअर ए (कडकपणाचं माप) 80 चं आहे. जुनं रबर साधारण 55 ते 65 च्या पट्ट्यात असतं. कडकपणा रंगावरून ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळं सांगतो.

खरा फरक कडकपणाचा नाहीच. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही स्लीव्हना (धातूच्या नळ्यांना) चिकटलेला असतो. आर्म हलला की रबर पिळतं, घसरत काहीच नाही. पॉली बुश आतल्या स्लीव्हवर फिरतो, म्हणजे ते बेअरिंगच झालं. त्याला स्वच्छ बोअर (आर्ममधलं बुश बसायचं भोक), योग्य ग्रीस आणि बाजूने किंचित मोकळीक लागते. बसवल्यावर कुईकुई करणाऱ्या गाडीत बहुधा या तिघांपैकी एक गोष्ट राहिलेली असते.

जुने बुश काढताना जाळू नका. धूर विषारी असतो आणि भोवतालचा रंगही जातो. आटे असलेला लांब रॉड, एका बाजूला बुशपेक्षा जरा लहान गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला मोठा पाइप, एवढ्यावर तीन निघाले. चौथ्याचं रबर आलं, बाहेरचं कवच आतच गंजून बसलं. हॅकसॉचं पातं आतून घालून कवच कापलं, पण शेवटचा अर्धा मिलिमीटर सोडला आणि छिन्नीने आत दुमडलं. पातं आर्मपर्यंत गेलं तर पडलेली चीर पुढे तडा होते. काही किटमध्ये जुनं कवच ठेवायचं असतं, तेव्हा कापण्याआधी नव्या बुशचा बाहेरचा व्यास मोजा. मग बोअर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ. आत रंग मारायचा नाही.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग, स्लीव्हची लांबी. बुशचे दोन्ही अर्धे आर्ममध्ये दाबून बसवल्यावर दोन फ्लॅंजच्या (बुशच्या टोकाची रुंद कड) बाहेरच्या तोंडांमधलं माप घ्या. स्लीव्ह त्याहून 0.2 ते 0.5 मिमी लांब हवी. ब्रॅकेटचे कान स्लीव्हवर आवळले गेले पाहिजेत, बुशवर नाही. डाव्या पुढच्या आर्मला स्लीव्ह उलट 0.3 मिमी आखूड निघाली. तशीच आवळली असती तर कानांनी बुश चिमटला असता, आर्म अडकला असता आणि मोकळी राहिलेली स्लीव्ह बोल्टवर फिरून बोल्ट खात बसली असती. उपाय सोपा आहे. काचेवर 180 नंबरचा ओला पेपर पसरून दोन्ही फ्लॅंज गोल गोल घासा, दर दहा-बारा फेऱ्यांनी व्हर्नियर लावा. कोरडं घासलं तर पॉली तापून चिवट होतं आणि कापलं न जाता नुसतं ओढलं जातं.

मग ग्रीस न लावता, स्प्रिंग नसताना, बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून पाहणी. आर्म आडवा धरून सोडला की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवा. जिथे सोडला तिथेच राहिला तर अजून घासा. धपकन पडून पुढेमागे खडखडला तर जरा जास्तच घासलंय.

ग्रीस सिलिकॉनचंच, जाड आणि पाण्याने न धुतलं जाणारं. बोअरमध्ये, स्लीव्हवर आणि फ्लॅंजच्या तोंडावरही लावा. तोंड लोक विसरतात आणि आवाज तिथूनच येतो. अँटी-रोल बारला बुशच्या जागी सोललेल्या रंगाचे पापुद्रे होते, ते धातूपर्यंत खरवडले. बारची जाडी तीन ठिकाणी मोजूनच बुश घ्या.

पाट्यांच्या पुढच्या डोळ्यांचं कारण असं: वळणावर एक चाक वर, एक खाली गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि डोळ्याला आडवा पीळ बसतो. रबर तो सोसतं. कडक बुश मात्र तो पाट्यावर आणि ब्रॅकेटवर ढकलतो. चार लिंकच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये वरच्या तिरक्या लिंकना पॉली लावू नये, तेही याचसाठी.

त्यामुळे आवळण्याचे नियम दोन झाले. पॉलीचे बोल्ट गाडी हवेत असतानाही आवळता येतात. रबराचे मात्र गाडी चाकांवर उतरवून, दोनचार वेळा दाबून बसवल्यावरच. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

राहिलेलं काम: उजव्या पाट्याच्या डोळ्याचा बोल्ट चाकांवर आवळणं, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (समोरून चाकं आत की बाहेर वळलेली). जुनं रबर एका बाजूला दबलेलं होतं, त्यामुळे आधीची अलाइनमेंट आता धरता येणार नाही. 100 किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचेत.