रोजची भाकर

चाळिशी उलटल्यावर मी भाकरी थापायला शिकलो. शिकलो असे म्हणण्याइतका हात अजून बसलेला नाही. परंतु परातीत ज्वारीचे पीठ घेऊन, त्यात कढत पाणी ओतून, तळहाताच्या टाचेने ते रगडून मळण्यापर्यंत माझी मजल गेली आहे. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी असा पसारा मांडला असता गोळा काही केल्या एकजीव होईना. थापायला घेतला की काठ चिरत, उचलायला गेलो की भाकरीचे दोन तुकडे हातात येत. शेवटी आईला फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारला, "पीठ कधीचं आहे रे?" दीड महिन्यापूर्वीचे आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग विरी गेली त्याची. ते टाकून दे. ज्वारीचं पीठ असं साठवून ठेवतात का?"

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, त्याची धरून ठेवण्याची ताकद. गव्हाच्या कणकेत ती जात्याच असते; ज्वारीच्या पिठात मात्र ती ताजेपणावर आणि कढत पाण्यावर अवलंबून असते. त्या रात्री कुकरला खिचडी लावून आम्ही जेवायला बसलो आणि घरच्या रिवाजाप्रमाणे येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हटली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही ओळ बोलता येऊ लागल्यापासून मी म्हणत आलो आहे. तिच्यातले 'रोजची' आणि 'आज' हे शब्द मात्र मला त्या फसलेल्या पिठामुळे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले.

मराठी बायबलात ही 'भाकर' आहे याचे मला नेहमीच अप्रूप वाटते. मूळ ग्रीक शब्दासाठी 'अन्न' म्हणता आले असते आणि ते अधिक भारदस्त वाटले असते. पाव म्हणावे तर तो शब्द पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर आणलेला, आणि तो पदार्थही देशावरच्या घरात आजारी माणसासाठी चहाबरोबर यायचा. भाषांतरकारांनी भाकर निवडली आणि येशूच्या गालील प्रांतातल्या गरिबांच्या ताटातली वस्तू नगर-सोलापूरकडच्या गरिबांच्या ताटात जशीच्या तशी येऊन पडली. येशूच्या चमत्काराने पाच हजारांना पुरलेल्या त्या पाच भाकरी त्याचे चरित्र लिहिणाऱ्या योहानाच्या सांगण्याप्रमाणे जवाच्या होत्या, आणि जव हे तिकडे गरिबाचे धान्य होते. म्हणजे निवड शब्दाइतकीच ऐपतीलाही धरून झाली. बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थही भाकरीचे घर असाच होतो. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत याच जागी 'गिरास' आहे, म्हणजे घास. भात खाणाऱ्या मुलखाने घास मागावा आणि ज्वारी पिकवणाऱ्याने भाकर, हे मला अगदी रास्त वाटते.

या निवडीमुळे काही गमतीही होतात. बायबलातल्या शास्ते या पुस्तकात इस्राएलाच्या शत्रूपक्षातल्या एका मिद्यानी सैनिकाला स्वप्न पडते, त्यात जवाची एक भाकर गडगडत छावणीत येते आणि तंबू उलथून टाकते. लहानपणी हा उतारा वाचला की आजीच्या तव्यावरची टम्म फुगलेली भाकर टुणकन उडी मारून शत्रूवर चाल करून जाताना मला दिसे, आणि चर्चच्या शब्बाथ शाळेत हसल्याबद्दल बोलणीही खावी लागत. 'बेखमीर भाकर' हा शब्दही आम्हा मुलांना कोड्यात टाकी. इजिप्तमधून घाईघाईने निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून इस्राएली लोकांनी बेखमीर भाकरी भाजल्या, असे शिक्षक मोठ्या गांभीर्याने सांगत; आमच्या घरी तर खमीर घातलेली भाकर कोणी पाहिलीच नव्हती. त्या सुटकेच्या आठवणीचा, बेखमीर भाकर खाण्याचा सण म्हणजे वल्हांडण; आमचा तो बाराही महिने चालू होता.

मात्र 'रोजची' या शब्दाखाली जो ग्रीक शब्द आहे, तो अभ्यासकांना आजवर दमवत आला आहे. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या या प्रार्थनेखेरीज तो शब्द बायबलात दुसरीकडे कुठेच येत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताला तो या सुवार्तालेखकांनीच घडवला असावा असे वाटले. कोणी त्याचा अर्थ 'आजच्या दिवसापुरती' असा घेतात, कोणी 'जगण्याला लागेल तेवढी', तर कोणी 'येणाऱ्या दिवसाची'. मला ग्रीक येत नाही, म्हणून या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्वारीच्या घरात वाढलेल्या माणसाला या तीन अर्थांत फारसा झगडा दिसत नाही. कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरलेली ज्वारी वर्षभर राहते, तिचे पीठ आठ-पंधरा दिवस, आणि भाकर फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी दह्यात कुस्करून खाण्यापर्यंत. धान्याचा साठा करता येतो, भाकरीचा येत नाही. घरात पोते असो की पायली, भाकर रोज नव्यानेच करावी लागते.

मोशेच्या नियमशास्त्रात कोणाचे जाते, किंवा जात्याची वरची तळी, गहाण ठेवून घेऊ नये असा एक नियम आहे, आणि कारण असे दिले आहे की तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे होय. वर्षभराचे धान्य घरात असले तरी एक दिवस जाते नसेल तर त्या दिवशी भाकर नाही, हे ज्याने हा नियम केला त्याला पक्के ठाऊक होते. सावकाराची नजर वरच्या तळीवर जाते हेही ठाऊक असावे, कारण ती उचलून नेता येते. इजिप्त सोडलेल्या इस्राएली लोकांना रानात देवाकडून मिळालेल्या मान्ना या अन्नाचेही तेच. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप, गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा आणि तो नासत नसे, म्हणजे शब्बाथाला, विश्रांतीच्या सातव्या दिवशी, गोळा करणाऱ्यांना सुट्टी. हा तपशील माझ्या आईला फार आवडतो.

आजीची आवडती गोष्ट बायबलातल्या सारफथ गावच्या विधवेची. पाऊस नाही, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल. तेवढे भाजून खाऊ आणि मरू असे म्हणणाऱ्या त्या बाईकडे एलीया संदेष्टा आधी स्वतःसाठी लहानशी भाकर मागतो. आजी सांगे की मडके भरले असे त्यात कुठेच लिहिलेले नाही, पीठ सरले नाही एवढेच लिहिले आहे. 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावची माणसे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती. तिच्या भाकरीची चव आजीच्या जिभेवरून मरेपर्यंत गेली नाही. "त्या विधवेच्या मडक्यात निदान तिच्या ओळखीचं पीठ होतं," ती म्हणायची, "आमच्या मडक्यात देवानं मिलो घातला." तक्रार करून झाली की ती डोळे मिटून रोजच्यासारखीच भाकर मागे. त्या वर्षीही ती 'माझी' न म्हणता 'आमची' म्हणे आणि तव्यावर एक भाकर मोजणीपेक्षा जास्त टाकी; दारात कोण येईल याचा तिला कधीच पत्ता नसे आणि कोणीतरी येतच असे.

माझी अडचण वेगळी आहे. माझ्या फ्रिजमध्ये आठवड्याची भाजी आहे, फळीवर महिन्याचा किराणा आहे, आणि मोबाइलवर बोट ठेवले की दहा मिनिटांत ब्रेडचा पुडा दारात येतो. अशा घरात बसून 'आज भाकर दे' असे म्हणताना मी नेमके काय मागतो? काही दिवस तर ती ओळ मी नुसती उरकतो, हे कबूल केले पाहिजे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीच्या वेळी पाळकसाहेब 'ही भाकर' असे म्हणून ताट उचलतात, तेव्हा त्यात बेकरीच्या ब्रेडचे कडा कापलेले चौकोनी तुकडे असतात. शब्द एक आणि वस्तू दुसरीच, याचे मला पूर्वी काही वाटत नसे. आता मात्र घास तोंडात ठेवताना हे पीठ कोणी मळले, कधी मळले, असे मनात येते.

त्या पावसाळ्यातल्या रविवारी उपासना आटोपून मी गिरणीत गेलो आणि दोन किलो ज्वारी दळायला दिली. गिरणीवाल्याने डब्यात डोकावून विचारले, "एवढीच?" म्हटले, आठ दिवसांपुरतीच द्या. पीठ हाताला कोमट लागत होते. घरी येऊन आधण ठेवले, गोळा मळला. पहिली भाकर काठाला चिरलीच, पण तव्यावर पाणी फिरवून उलटली आणि जाळावर धरली तेव्हा अर्ध्यापर्यंत फुगली. दुसरी थापताना मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तिघंच आहोत, चार कशाला?"