तारेच्या आतला माळ आणि बाहेरचा

सोलापूरकडे माळावरच्या वनस्पती मोजायच्या तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, एवढेच दिवस हाताशी असतात. गवताला तुरा आल्याशिवाय नाव लावता येत नाही. मारवेल पेरावरच्या केसांच्या कड्यावरून कळतं, कुसळी पीळ पडलेल्या कुसांवरून. नुसत्या पात्यांवरून भले भले चुकतात. उन्हाळ्यात 'सर्वेक्षण' उरकून केलेल्या याद्या मी उघडूनही बघत नाही.

नान्नजच्या बाजूला तारेच्या कुंपणाच्या आतला एक तुकडा आणि त्याला लागून असलेलं गायरान, अशी तुलना करायची होती. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, नंतर ते 1,222वर आलं. त्यातही बरीचशी शेती. खरा माळ शेतांमध्ये विखुरलेल्या तुकड्यांत. पक्ष्यासाठी आखलेल्या हद्दीत वनस्पती किती राहतात, हा प्रश्न म्हणून वेगळाच तपासावा लागतो.

गवतासाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट, झुडपांसाठी पाच बाय पाच. चौकट फेकायची नाही. फेकणारा नकळत मोकळ्या जागी फेकतो. दोरी ताणून ठरावीक अंतरावर मांडायची. मूळ चौकटीत असेल तरच झाड मोजायचं, बाहेरून आत झुकलेलं नाही. ठोंबाच्या गवतात 'किती झाडं' याला अर्थ नसतो, तिथे टक्क्यांत आच्छादन लिहायचं. ते दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं आणि फरक फार आला तर पुन्हा बसायचं. कंटाळवाणं काम, पण इथे कुचराई झाली की पुढचं सगळं गणित वाया.

तारेच्या आत शेडा, पवना, मारवेल कमरेपर्यंत. बघून कोणीही खूश होईल. चौकटीत मात्र गवताखाली काहीच नाही. चराई बंद, कापणीही नाही, त्यामुळे गेल्या वर्षीचा वाळका थर तसाच पडून. बुडाशी ऊन पोहोचत नाही. विष्णुक्रांतेसारखी बोटभर उंचीची झाडं तिथे टिकणार कशी? समतल चर खोदून मुरूम उलथला होता तिथे काँग्रेस गवत, आणि पूर्वी कधीतरी लावलेल्या गिरिपुष्पाच्या ओळीखाली नुसता पालापाचोळा. मुरमाड माळाला झाडांची हौस कोणी लावली कोण जाणे.

बाहेर शेळ्यामेंढ्यांनी सगळं कुरतडलेलं. शेडा औषधालाही नाही, कुसळीच जास्त. पण चौकटीगणिक जाती आतल्यापेक्षा अधिक. आणि एका बोरीच्या काट्यांत, शेळीचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी, कंदीलपुष्प: सेरोपेजिया बल्बोसा, फुलावर. नळीच्या आत खाली झुकलेले केस, त्यात चिलटं अडकतात. केस सुकले की परागकण घेऊन सुटतात. खाली चपटा कंद असतो, गुराखी पोरं खणून खातात. उपटलं नाही. फोटो, उंची, भोवतालची झाडं एवढंच टिपलं.

'मग चराईच चांगली म्हणायची का?' असं आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं. तसं नाही. बाहेरच्या वाढीव जातींत टाकळा, काँग्रेस अशी कुठेही उगवणारी मंडळी बरीच. शेड्यासारखी बारमाही गवतं एकदा गेली की मुरमाड उतारावर सहजी परतत नाहीत. त्यांच्यासाठी तार हवीच. पण तार मारून पाठ फिरवली की लहान झाडं जातात. बी झडल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, वीतभर बुडखा ठेवून आळीपाळीने अर्धा तुकडा कापला तर दोन्ही सांभाळता येतील असं मला वाटतं. गवत गावाला मिळेल, फेब्रुवारीपासूनच्या वणव्याचं जळणही कमी होईल.

अहवालाच्या छापील नमुन्यात 'एकूण जाती' असा एकच रकाना होता. तो कोरा ठेवून मी तीन याद्या जोडल्या: माळाच्या मूळच्या, तणं, लावलेल्या. 'एकच आकडा द्या' म्हणून कागद परत आलाय. शिवाय कंदीलपुष्प हद्दीबाहेर सापडलं, म्हणून ते कोणत्याच यादीत धरायचं नाही म्हणतात.