दोन पलंग की एक?

अ‍ॅमस्टरडॅमचे फोटो टाकलेत, कालवे, सायकली, चीजची दुकानं सगळं आहे, ते तिकडे बघा. इथे मला लिहायचंय हॉटेल बुकिंगच्या एका ड्रॉपडाऊनबद्दल. तिघाचौघांनी मेसेज करून विचारलं की बाबा आम्हालाही असा 'गे-फ्रेंडली' लाँग वीकेंड करायचाय, तुम्ही कसं प्लॅन केलंत, आणि मी उत्तर लिहायला घेतलं की दर वेळी गाडी त्या ड्रॉपडाऊनपाशीच येऊन अडकते.

तर मे महिन्यात इथे जर्मनीत एका गुरुवारी सुट्टी असते, येशू स्वर्गात गेला त्याची, आणि शुक्रवार टाकला की सलग चार दिवस मिळतात. अशा टाकलेल्या शुक्रवारला इथे 'ब्रुकेनटाग' म्हणतात, म्हणजे पुलाचा दिवस. अख्खं ऑफिस जानेवारीतच कॅलेंडर पुढ्यात घेऊन पूल बांधायला बसतं (या एका बाबतीत जर्मन माणूस आणि आपला सरकारी कर्मचारी सख्खे भाऊ). मी आणि नागपूरकर, म्हणजे ब्लॉगवर त्याला मी नागपूरकरच म्हणायचं अशी त्याची अट आहे, फ्रँकफर्टजवळच्या एका गावात सहा वर्षं एकत्र राहतोय. दोन्ही घरांच्या लेखी रूममेट.

नागपूरकर एक्सेल केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा आणत नाही. त्यामुळे शहरांची शीट तयार झाली, त्यात भाडं, प्रवासाचे तास, व्हेज जेवण (माझ्यासाठी) आणि शेवटचा कॉलम नुसता 'हात'. मी विचारलं हे काय? म्हणे, "रस्त्यात हात धरून चालता येईल का, हो, नाही, माहीत नाही." आता हा कॉलम आपल्याला कधी लागेल असं साताऱ्यात वाढताना वाटलं नव्हतं, कारण तिथे दोन पोरं एकमेकांच्या करंगळीत करंगळी अडकवून राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेली तरी कुणी ढुंकून बघत नाही.

बुडापेस्ट सगळ्यात स्वस्त पडत होतं. पण हंगेरीने मार्च 2025 मध्ये प्राइडवर, म्हणजे समलिंगींच्या मिरवणुकीवर, बंदी आणता येईल असा कायदा केला, आणि मग जूनमध्ये लोक बंदी झुगारून इतक्या प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले की सरकारचंच हसं झालं. मी म्हटलं मग तर जायलाच पाहिजे. नागपूरकर म्हणाला, "मी चार दिवस सुट्टी घेऊन राहिलो बे, मोर्चा काढून नाही राहिलो." माल्टा समलिंगींच्या हक्कांच्या युरोपातल्या यादीत 2025 पर्यंत सलग दहा वर्षं पहिल्या नंबरावर होतं पण विमानाचं भाडं बघून आम्ही दोघंही गप्प बसलो. माद्रिदचा चुएका हा गे वस्तीचा भाग खूप ऐकून होतो, तेही लांब. कोलोन तासाभरावर, पण तिथे ऑफिसमधलं कुणीतरी भेटणारच. उरलं अ‍ॅमस्टरडॅम. फ्रँकफर्टहून थेट गाडी, चार तास, आणि दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न जगात पहिल्यांदा कायद्याने लागलं ते याच गावात, 1 एप्रिल 2001 ला रात्री बाराच्या ठोक्याला, महापौर योब कोहेन यांनी स्वतः चार जोडप्यांची लग्नं लावली. एक एप्रिलला! आपल्याकडे एप्रिल फूल म्हणून सोडून दिलं असतं. मी तेव्हा सातवीत होतो आणि वर्गातल्या एका मुलाला रोज डब्यातला लाडू का देतो ते मला समजत नव्हतं.

आता हॉटेल. बुकिंग साइटवर हल्ली 'गे-फ्रेंडली'चे फिल्टर असतात, टिक केलं की हॉटेलांच्या नावाशेजारी छोटं इंद्रधनुष्य येतं. मला याचा आधी रागच आला. म्हणजे 'आम्ही तुम्हाला हाकलणार नाही' याची पाटी लावायची आणि वर आपण खूश व्हायचं? मग आठवलं की आपल्याकडेही 'फॅमिली रूम वरती' अशी पाटी असतेच की, आणि ती दिसली की आई निःश्वास टाकून पर्स टेबलावर ठेवायची. पाटी कुणासाठी असते हे ज्याला लागते त्यालाच कळतं. मराठीत काय म्हणायचं याला? समलिंगी-स्नेही? मला तर स्नेहसंमेलनात बुंदीचा लाडू आणि चिवडा मिळाल्यासारखं वाटतं.

तर हॉटेल ठरलं, तीन रात्री, जुनी उंच अरुंद इमारत, आणि खाली ड्रॉपडाऊन: एक डबल बेड किंवा दोन सिंगल. इंद्रधनुष्य टिक करून आलेला मी, बोट न थांबता 'दोन सिंगल' करून पैसे भरून मोकळा.

कळलं सुद्धा नाही. नागपूरकरने कन्फर्मेशनचा मेल वाचला आणि काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

मी लगेच कारणं द्यायला लागलो, पाठदुखी, तू घोरतोस, सिंगल स्वस्त होते (नव्हते, भाव एकच होता). खरं कारण एवढंच की वीस वर्षांची सवय आहे. आणि इथे मला आपल्या बाजूने थोडं भांडायचंय, कारण परदेशात राहून आपल्याला नावं ठेवणारे ब्लॉग मला वाचवत नाहीत. महाबळेश्वर असो, गणपतीपुळे असो, दोन पोरांना खोली द्यायला आपल्याकडचा लॉजवाला कधीही कुरकुर करत नाही. आधार कार्ड दाखवा, जास्तीची गादी पाहिजे का, गरम पाणी सहा ते नऊ, झालं. खरी उलटतपासणी मुलगा-मुलगी गेले की होते, लग्नाचा पुरावा काय, आडनाव वेगळं का. आम्ही तर त्या बाबतीत मजेत होतो. कोकणातल्या एका लॉजवर काकांनी स्वतःहून पलंगावरची चादर बदलून दिली आणि "झोपा आरामात" म्हणाले. ते काका गे-फ्रेंडली होते का? मला वाटतं होते, त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

हे मी नागपूरकरला सांगितलं तर तो म्हणाला, "हो, पण तेव्हा पण तू दुसरी गादी मागवली होती."

मागवली होती. रात्रभर ती कोपऱ्यात गुंडाळलेलीच राहिली आणि सकाळी चहावाला यायच्या आत मी ती पसरून, उशीला खळगा पाडून, चुरगाळून ठेवली. हे मी प्रत्येक लॉजमध्ये केलंय. एवढी मेहनत इंजिनियरिंगला केली असती तर डिस्टिंक्शन मिळालं असतं.

ऑफिसातला एक जण मधे जेवताना म्हणाला की भारतात तुमच्यासारख्यांना फार कठीण जात असेल ना. मला असं काही बोचलं की मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं, आमचं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम हे ब्रिटिशांनी 1860 मध्ये करून ठेवलेलं, आमच्या सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला मोडीत काढलं, तुमचं तसलंच 175 कलम तर तुमचं स्वतःचंच होतं आणि ते पूर्ण जायला 1994 उजाडलं. तो बिचारा "अच्छा" म्हणून सूप पीत राहिला. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने लग्नाला मात्र नाही म्हटलं, ते मी सांगितलं नाही. घरचं भांडण बाहेर कशाला.

प्लॅनिंगचं बाकी पटकन सांगतो. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात, तत्काळचा अनुभव असलेल्या माणसाला जमतं. ट्रामला वेगळा पास नको, आपलं बँकेचं कार्ड टेकवायचं. टुरिस्ट टॅक्स 2024 पासून साडेबारा टक्के आहे, बुकिंग करताना शेवटची रक्कम बघा, नाहीतर माझ्यासारखे काउंटरवर हळहळाल.

जाताना गाडी आर्नेमला थांबली तेव्हा नागपूरकरने सांगितलं की 2017 च्या एप्रिलमध्ये इथे हातात हात घालून चाललेल्या एका जोडप्याला मारहाण झाली होती, आणि त्यानंतर देशभरातले पुरुष मुद्दाम एकमेकांचे हात धरून फिरले, दोन खासदार तर तसेच चालत हेगच्या संसदेत गेले. म्हणजे इथेही सगळं आलबेल नाही, मी जरा विजयी मुद्रेने म्हटलं. "अबे, पण खासदार गेले ना," तो म्हणाला.

हॉटेलच्या काउंटरवर साठीच्या पुढच्या बाई, चष्म्याला साखळी, थेट आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पासपोर्ट बघितले, स्क्रीन बघितली आणि मान वर न करता विचारलं, "दोन सिंगल आहेत. जोडून देऊ का?"

बाईंना आमच्यात काडीचाही रस नव्हता हो! खिडकी उघडी ठेवू का, या चालीवर विचारलं. सहानुभूती नाही, हसू नाही, इंद्रधनुष्य नाही. मी नागपूरकरकडे बघितलं, तो मुद्दाम भिंतीवरचा नकाशा वाचत होता. मी "हो" म्हटलं. तीन अक्षरी इंग्रजी शब्द, पण कान गरम झाले.

मग एक पोरगा वर आला, मधलं टेबल उचलून दाराशी ठेवलं आणि पलंग सरकवायला लागला. जुनी लाकडी जमीन, पलंगाचे लोखंडी पाय, असा काही करकराट झाला की खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं असेल वर घर बदलतायत. मी त्याला हात लावायला गेलो तर "नको सर" म्हणाला. वीस वर्षं मी ज्या गाद्या चुपचाप लांब करत आलो, त्या कुणीतरी एवढा आवाज करून जवळ आणत होतं आणि मी भिंतीला चिकटून टीप किती द्यावी याचा विचार करत होतो.

जोडलेल्या पलंगांमध्ये फट राहतेच. आमच्या जर्मन घरमालकिणीकडून या फटीचं नाव कळलं होतं, 'बेझूखररित्से', पाहुण्याची फट! त्यात घालायला फोमची पट्टी मिळते, तिला 'लीबेसब्रुके' म्हणतात, प्रेमाचा पूल. पुलांचं फार वेड आहे या लोकांना.

संध्याकाळी होमोमोन्युमेंटला गेलो, वेस्टरकेर्क चर्चच्या मागे, कायझर्सग्राख्त कालव्यावर. 1987 चं आहे, गुलाबी ग्रॅनाइटचे तीन मोठे त्रिकोण, नाझींच्या छळछावण्यांमध्ये समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे त्यावरून. एक त्रिकोण जमिनीत, एक ओट्यासारखा, आणि एक पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरतो, घाटासारखा. वाईच्या माणसाला दाखवलं तर तो चप्पल काढेल. पायऱ्यांवर कुणीतरी फुलं ठेवली होती आणि ओट्यावर शाळेतली पोरं फ्रेंच फ्राइज खात बसली होती, कशावर बसलोय याचा पत्ताही नसावा. आम्ही घाटावर बसून कंदी पेढे खाल्ले. शीटमधल्या 'हात' कॉलमचं म्हणाल तर घाटापासून ट्रामच्या स्टॉपपर्यंत, अंदाजे पाच मिनिटं. मग मीच फोन काढायच्या निमित्ताने सोडला. झेडाईक गल्लीतल्या 'त मान्च्ये' या जुन्या गे कॅफेतही डोकावलो, नावाचा अर्थ टोपली, बेट फान बेरेन नावाच्या मोटरसायकल उडवणाऱ्या बाईने 1927 मध्ये काढलेला, ती गिऱ्हाइकांचे टाय कापून छताला टांगायची. अजून टांगलेत. नागपूरकर म्हणाला बरं झालं आपण टीशर्टात आलो.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. मी खोली दाखवायला म्हणून फोन फिरवला आणि पलंग दिसला, तेव्हा उशीर झाला होता.

"पलंग जोडलेत होय रे?"

"खोली लहान आहे आई." खोली लहान नव्हती, मागे टेबल-खुर्ची मांडून वर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या.

आई थोडा वेळ बघत राहिली, तिचा चष्मा कपाळावर होता. "मग त्या मधल्या फटीत टॉवेलाची घडी घाला. झोपेत हात अडकतो एखाद्याचा. आणि याला दे फोन. जेवलास का रे नीट? हा मेला नुसतं ब्रेड खायला घालत असेल तुला."

"जेवलो काकू," नागपूरकर म्हणाला, आणि फोन खांद्याने कानाला दाबून त्याने बाथरूममधून दोन टॉवेल आणले, पैकी एकाची लांबलचक घडी घातली, दाबून बसवली. सकाळी ती पलंगाखाली सापडली.