रेयुनियोंचे डोंगर : पितों दे नेजची उतरण, आणि तिच्याभोवती बाकीची आखणी

हिंदी महासागरातल्या रेयुनियों या फ्रेंच बेटाच्या प्रवासाबद्दल लिहिणारे बहुतेक जण पितों दे नेज या तिथल्या सर्वांत उंच शिखराच्या चढणीवर पानभर लिहितात आणि उतरण एका वाक्यात उरकतात: आलेल्या वाटेनं खाली या. ही शुद्ध दिशाभूल आहे. चढण लांबलचक आहे, घाम काढते, पण पायाखाली फसवं काही नाही. खरा छळ उतरताना होतो. तोही शिखराजवळच्या दगडगोट्यांत नाही, तर काव्हेर्न द्युफूर या मुक्कामापासून पायथ्याच्या ल ब्लोकपर्यंतच्या अकराशे मीटर उंचीच्या उतारात. या बेटावर डोंगर आणि जंगल बघायला जायचं असेल तर सगळ्या सहलीची आखणी या एका उतरणीभोवती करा.

आधी आकडे. शिखर 3,070 मीटर. हिंदी महासागरातल्या बेटांमध्ये यापेक्षा उंच काही नाही. नेहमीची वाट सिलाओस गावाच्या वरच्या अंगाला ल ब्लोक या ठिकाणी, साधारण 1,380 मीटरवर सुरू होते. तिथून 2,478 मीटरवरच्या काव्हेर्न द्युफूरच्या झीतपर्यंत (झीत म्हणजे डोंगरातली साधी मुक्कामाची जागा) तीन ते साडेतीन तास. झीतपासून शिखर आणखी सहाशे मीटर वर, दीड ते दोन तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे सहाशे मीटर चढून, मग त्याच पायांनी जवळजवळ सतराशे मीटर उतरायचं असतं. नियोजन करताना लोक सहाशेचा आकडा बघतात, सतराशेचा बघत नाहीत.

झीतच्या खालची वाट म्हणजे जवळपास अखंड पायऱ्या. लाकडाचे ओंडके आडवे टाकून आणि दगड रचून केलेल्या. एकही पायरी दुसरीसारखी नाही: एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, त्यापुढची एका बाजूला कललेली. पायाला लय सापडतच नाही. ओंडक्यामागची माती पावसानं वाहून गेलेली असते, त्यामुळे पाऊल ओंडक्याच्या पलीकडे खोल पडतं आणि सगळा भार पुढच्या गुडघ्यावर येतो. ओल्या ओंडक्यावर तिरका पाय पडला की घसरलाच. पहिल्या तासात हे जाणवत नाही. दुसऱ्या तासात मांड्या थरथरायला लागतात, आणि लोक पडतात ते नेमके शेवटच्या टप्प्यात, जंगलातली वाट सोपी वाटायला लागते तिथे.

यावर उपाय आहेत. दोन ट्रेकिंग पोल लागतातच, एकानं भागत नाही. झीत सोडतानाच ते नेहमीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब करून घ्या. आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर बुटाच्या टोकाला घासून अंगठे काळे पडतात. उतरायच्या आधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. मोठ्या पायरीवर उडी नको, बाजूनं वळून उतरा. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं बसा, दमला नसलात तरी. आणि मुख्य म्हणजे उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका. सिलाओसमध्ये एक दिवस रिकामा काढा. पितों दे नेजच्या लगेच पुढच्या दिवशी माफातच्या खोऱ्यात उतरायचा किंवा फुर्नेझ ज्वालामुखीवर जायचा बेत कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा.

एल-बूर्ग गावाकडून काप आंग्लेमार्गे येणारी वाटही आहे. ती चढायला एक वेळ ठीक, उतरायला मुळीच नको: दीड हजार मीटरचा उतार, वर मुळं आणि चिखल. केर्वेगाँच्या धारेवरून प्लेन दे काफ्रच्या बाजूची वाट उताराला सौम्य आहे, पण खूप लांब आणि चिखलाची. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर तीच घ्या आणि दिवस मोठा धरा.

आता वेळेचं. "पहाटे तीनला निघा" हा सल्ला सगळीकडे सापडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो चुकीचा आहे. त्या दिवसांत सूर्योदय साडेसहा ते सातच्या दरम्यान असतो. तीनला निघालं तर पाचच्या सुमारास शिखरावर पोचून, शून्याच्या आसपासच्या थंडीत आणि वाऱ्यात दोन तास कुडकुडत बसावं लागतं. साडेचारला निघालेलं पुरतं. डिसेंबरात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास, तेव्हा तीन-सव्वातीन बरोबर. बेट उष्णकटिबंधात आहे म्हणून कपड्यांत हयगय नको: थर्मल, जाड जॅकेट, वारा अडवणारा वरचा थर, हातमोजे, टोपी. हिवाळ्यात वर दहिवर गोठलेलं असतं. हेडटॉर्चला नवे सेल घाला. प्रत्येकी तीन लिटर पाणी खालून न्या. झीतमध्ये बाटलीचं पाणी मिळतं, पण तिथं सामान हेलिकॉप्टरनं चढतं, त्यामुळे भाव तसाच असतो. त्याला लूट म्हणण्यात अर्थ नाही, लूट वेगळीकडे होते, ते पुढे येईल.

झीतचं आरक्षण काही महिने आधी करावं लागतं, ऐनवेळी जागा मिळत नाही. आरक्षण करतानाच झीत त्या तारखांना चालू आहे ना, हे विचारून घ्या. जेवणात भात, मसूर आणि मांसाचा रस्सा असतो. शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा, तिथं पोचून सांगून उपयोग नाही. जागा मिळालीच नाही तर पर्याय म्हणून एका दिवसात जाऊन येणारे लोक आहेत. रोज डोंगर चढणाऱ्यांनीच त्या भानगडीत पडावं.

या बेटावर किलोमीटर बघून काही कळत नाही, इतकं एक डोक्यात पक्कं बसवा. पितों दे नेज हा फार पूर्वीपासून शांत असलेला जुना ज्वालामुखी. त्याच्या भोवती सिलाओस, सालाझी आणि माफात अशी तीन प्रचंड, कड्यांनी वेढलेली खोरी आहेत. नकाशावर सिलाओस आणि माफातमधली मार्ला ही वस्ती शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मधे 2,081 मीटरची ताइबी खिंड आहे: एका बाजूनं आठशेहून अधिक मीटर चढ, दुसऱ्या बाजूनं साडेचारशेच्या आसपास उतार. पाट्यांवर अंतर नसतं, तास लिहिलेले असतात. ते तास सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचे. पाठीवर सामान असेल तर त्यात तिसरा हिस्सा वाढवा.

दुसरं, ढग. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या उतारांवर आदळतात आणि दिवस तापला की ढग वर सरकतात. नऊ-दहापर्यंत माफातच्या कड्यावरच्या माइदो या दर्शनबिंदूवरचं दृश्य बहुधा पांढऱ्या भिंतीमागे गेलेलं असतं. माइदोला सूर्योदयाला पोचायचं, नाहीतर जायचंच नाही. अकराला गाडी घेऊन येणाऱ्यांना काहीही दिसत नाही आणि उगाच बेटाला नावं ठेवली जातात. याच वाऱ्यांमुळे पूर्व किनारा कायम ओला आणि पश्चिम कोरडा. पाऊस किती पडू शकतो याची कल्पना यावी म्हणून: 2007 च्या फेब्रुवारीत गामेद चक्रीवादळात डोंगरातल्या कोमेर्सों या ठिकाणी 72 तासांत 3,929 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो जागतिक विक्रम आहे. डिसेंबर ते मार्च डोंगरात जायचा हट्ट करू नये. मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात उत्तम. ऑक्टोबरात बेट आडवं पार करणारी मोठी डोंगरशर्यत असते, त्या आठवड्यात झीत भरलेल्या असतात आणि काही वाटा धावणाऱ्यांच्या ताब्यात असतात. तारखा बघूनच तिकीट काढा.

पितों द ला फुर्नेझ, म्हणजे जिवंत ज्वालामुखी, 2,632 मीटर. यासाठी मात्र कंजुषी करू नका, एक दिवस जास्तीचा ठेवा. बूर-म्युरात गावाहून वर जाणारा रस्ता प्लेन दे साब्ल या पठाराच्या माथ्यावर पोचतो आणि झाडं एकदम संपतात: खाली नजर जाईल तिथपर्यंत तांबूस-काळी राख आणि तिच्यातून जाणारी एक पांढुरकी रेघ. तो पुढचा रस्ता. खड्ड्यांचा आहे, सावकाश चालवा. सगळ्या बेटावर एकच दृश्य निवडायचं तर हे, पितों दे नेजचा सूर्योदयसुद्धा याच्यापुढे दुसरा. पेट्रोल बूर-म्युरातलाच भरा, वर काही नाही.

चालायची वाट 2,311 मीटरवरच्या पा द बेलकोंबपासून सुरू होते. पहिल्यांदा पाचशेहून अधिक पायऱ्या कड्यावरून खाली (परतताना दमलेल्या पायांनी त्याच चढायच्या), मग फोर्मिका लिओ हा छोटा तांबडा शंकू, मग गोठलेल्या लाव्ह्यावरून पांढऱ्या रंगाच्या खुणा धरत दोलोम्यू विवराच्या कडेपर्यंत. जाऊन-येऊन पाच ते सहा तास. सावली नाही, पाणी नाही. 2007 च्या एप्रिलमध्ये विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला, कडा अजूनही ठिसूळ आहे, त्यामुळे दोरी किंवा पाटी असेल तिथंच थांबायचं. इथे धोका उताराचा नाही, धुक्याचा आहे. धुकं आलं की वीस पावलांपलीकडची पांढरी खूण दिसत नाही, आणि सगळा लाव्हा सगळीकडे सारखाच. पुढची खूण दिसत नसेल तर शेवटच्या खुणेपाशी थांबा, "अंदाजानं" पुढे जाऊ नका. फोनमध्ये वाटेचा माग आधीच उतरवून ठेवा. आदल्या रात्री जवळच्या झीतमध्ये राहून सहाला चालायला लागलात तर बहुतेक वेळा हा प्रश्नच येत नाही. लाव्ह्याचा खरखरीत प्रकार, ज्याला इथं ग्रातों म्हणतात, काचेसारखा कापतो. हाताला साधे कामाचे मोजे आणि अंगात लांब पँट हवी. उद्रेकाची शक्यता दिसली की प्रशासन आतली वाट बंद करतं आणि फाटकाला कुलूप लागतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वाट उघडी आहे का ते बघा. हाच नियम सगळ्या वाटांना लागू आहे: दरड कोसळून बंद झालेल्या वाटांची यादी वनखातं ठेवतं.

माफातमध्ये रस्ताच नाही. वस्त्यांना सामान हेलिकॉप्टरनं, वीज सौरऊर्जेची, एटीएम नाही. रोख युरो बरोबर ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सालाझीच्या बाजूनं कोल दे बफ या खिंडीतून ला नूव्हेल या वस्तीला उतरावं, दोन तास. दुसऱ्या दिवशी मार्ला करून प्लेन दे तामारें या पठारावरून (हे हायलँड टॅमरिंडचं, म्हणजे चिंचेचं नव्हे तर एका बाभूळवर्गीय झाडाचं जंगल, धुक्यात सर्वांत छान) परत. माइदोहून रोश प्लात या वस्तीला थेट उतरणारी वाट हजार मीटर खाली नेते, म्हणजे पुन्हा तीच गुडघ्यांची कहाणी, आणि बाहेर पडायला तेवढंच चढायचं. कोल दे बफला राखणदार असलेलं वाहनतळ आहे, पैसे मोजा आणि तिथंच गाडी लावा. रस्त्याकडेला रात्रभर सोडलेल्या गाड्यांच्या काचा फुटतात. आतमध्ये पिशवीसुद्धा दिसता कामा नये.

लूट होते ती गाडी भाड्यानं घेताना. जाहिरातीतला दिवसाचा भाव कमी असतो, पण अपघातात तुम्ही भरायची रक्कम इतकी मोठी ठेवलेली असते की काउंटरवर जास्तीचा विमा घ्यावाच लागतो, आणि त्यानं बिल जवळपास दुप्पट होतं. आरक्षण करतानाच सगळं धरून एकूण रक्कम लेखी मागा. कच्च्या रस्त्यावर टायर आणि खालचा भाग विम्यात आहे का विचारा, कारण प्लेन दे साब्ल कच्चाच आहे. गाडी घेताना चारही बाजू, चाकं आणि काच यांचं चित्रीकरण करा. ऑटोमॅटिक गाड्या थोड्या, त्या लवकर संपतात. वाहतूक उजव्या बाजूनं. किनाऱ्यावरच्या सें-लुईहून सिलाओसला जाणाऱ्या रस्त्यावर चारशेहून अधिक वळणं आहेत, एकाच गाडीपुरते बोगदे आहेत, आणि जोराच्या पावसानंतर तो बंद होतो. अंधारात पहिल्यांदा चालवू नका. सरावलेले नसाल तर सें-लुईहून बस घ्या, ती वळणं चालकाला तोंडपाठ आहेत.

बेलूव्हच्या जंगलातून त्रू द फेर या धबधब्यांच्या खोल दरीच्या दर्शनबिंदूकडे जाणारी वाट जाऊन-येऊन तीन तासांची, सपाट आणि चिखलाची. सकाळी नऊच्या आत पोचणार असाल तरच. पक्षी बघणाऱ्यांनी रोश एक्रित या शिखराची वाट धरावी: तुई-तुई हा पक्षी जगात फक्त रेयुनियोंमध्ये, तोही या एवढ्याच जंगलात उरला आहे. पुढचं सगळं सोपं आहे. लगून (प्रवाळांच्या आडचं उथळ पाणी), किनारे, बाजार, त्याला वेगळी आखणी लागत नाही. फक्त समुद्रात पोहायचं ते लगूनच्या आत किंवा देखरेखीच्या जागीच: शार्कच्या हल्ल्यांनंतर 2013 पासून बाकीच्या किनाऱ्यावर पोहायला आणि सर्फिंगला बंदी आहे. डासांचं मलम किनाऱ्यावर रोज लावा, चिकनगुन्याच्या मोठ्या साथी इथे येऊन गेल्या आहेत.

व्हिसा: बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे हातात शेंगेन व्हिसा आहे म्हणून तो इथे चालेल असं धरून तिकीट काढू नका. आधी फ्रेंच दूतावासाकडून रेयुनियोंसाठीची नेमकी अट विचारून घ्या. मॉरिशसमार्गे येत असाल तर तिथून विमान पाऊण तासाचं. विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरनं सुटका अंतर्भूत आहे का ते वाचून बघा, आणि फोनमध्ये 112 लक्षात ठेवा. माफातच्या तळाशी आणि कड्यांच्या आड नेटवर्क जातं, म्हणून कुठल्या वाटेनं कधी निघालात आणि कधी पोचणार हे आदल्या मुक्कामावर सांगून निघा.