तुम्ही विचारलंत म्हणून: हात आता पूर्वीसारखा चालतो का?

"ताई, हात आता पूर्वीसारखा चालतो का हो?"

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला हे विचारतंच. डोंबिवलीहून लेडीज डब्यात सोबत असणाऱ्या मैत्रिणी विचारतात, ऑफिसात नव्याने लागलेली मुलं विचारतात. परवा सोसायटीतल्या एका बाईंनी जिन्यात थांबवून विचारलं. त्यांना ४७ वं लागलंय, नोकरी सोडावी की काय असं मनात घोळतंय. मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात १९९२ पासून टायपिस्ट आहे, आता ५४ वर्षांची. "चालतो की" म्हणून जिना उतरता आला असता, पण त्यांचा चेहरा बघून तसं करवलं नाही.

नाही, पूर्वीसारखा चालत नाही.

१९८९ साली गिरगावातल्या टायपिंग क्लासात मी मराठीची ३० शब्दांची आणि मग ४० शब्दांची परीक्षा दिली. गोदरेजचं जड मशीन, करंगळीने 'की' दाबताना मनगटापर्यंत कळ जायची. तेव्हा बोटं विचार करायच्या आधीच पडत. आज थंडीच्या सकाळी पहिली पंधरा मिनिटं बोटं आखडलेली असतात. कुणी मध्येच हाक मारली तर कुठल्या ओळीवर होते ते शोधावं लागतं.

पहिला धक्का डोळ्यांनी दिला, ४३ व्या वर्षी. आपल्याकडे वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही, इतका हा बदल ठरलेला. डोळ्यातलं भिंग जवळचं बघताना फुगतं, वयाबरोबर ते ताठ होत जातं आणि अक्षर जवळ आणलं की पुसट दिसतं. मी दोन वर्षं चष्मा घेतला नाही. ऑफिसात कळेल, एवढंच कारण. त्या दोन वर्षांत 'ध' चा 'घ' आणि 'भ' चा 'म' किती वेळा झाला असेल ते मलाच माहीत. रोज संध्याकाळी कपाळ ठणकायचं. आणि एक सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं: हातातला कागद वाचायचा नंबर आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचा नंबर वेगळा असतो, कारण पडदा लांब असतो. तपासायला जाल तेव्हा आपला पडदा किती अंतरावर आहे ते मोजून जा.

मग ४८ व्या वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली. आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या सुमारास पाळी थांबते, सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात. पण त्याआधीची वर्षंच कठीण असतात. कुर्ल्याला गर्दी आत घुसलेली, हात वरच्या कडीला, आणि छातीतून एकदम आग उठून मानेपर्यंत चढायची. दादर येईस्तोवर पाठ घामाने भिजलेली. रात्री दोन-तीनदा जाग.

त्याच काळात ते घडलं. अशील समोर बसलेले, साहेबांनी विचारलं, कोणता कागद आधी करायचा? मला 'कुलमुखत्यारपत्र' हा शब्दच आठवेना. जवळजवळ दर आठवड्याला टाइप केलेला शब्द! "ते... सह्यांचा अधिकार देतात ते," असं काहीतरी बोलले. माझ्या सासूबाईंना शेवटी घरातली माणसं ओळखू येत नव्हती, त्यांचं सगळं मी केलंय. त्या संध्याकाळी मला खिडकी मिळाली होती आणि ठाण्यापर्यंत मी बाहेर तोंड करून रडत होते.

चार महिने कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, तो शब्द नंतर आठवला का? म्हटलं, त्याच गाडीत, नाहूर स्टेशन गेल्यावर आठवला. नेहमीचा रस्ता चुकता का? पैशांचे हिशेब चुकतात का? तेच तेच पुन्हा विचारता असं घरचे म्हणतात का? नाही, नाही, नाही. मग त्यांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं. बी-१२ फार खाली गेलं होतं. हे जीवनसत्त्व मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातून मिळतं. आम्ही शाकाहारी, आणि दूध म्हणाल तर माझ्या वाट्याला चहातलं तेवढं. इंजेक्शनं घेतली, रात्रीची झोप सुधारण्यासाठी उपचार घेतले, सहा महिन्यांत डोक्यावरचं धुकं बरंच उतरलं. शब्द अजूनही अडतात, पण आता मी घाबरत नाही. जिन्यातल्या बाईंना मी सगळ्यात आधी हेच सांगितलं, की राजीनामा लिहायच्या आधी रक्त तपासून घ्या. सगळं वयाच्या माथी मारू नका.

आता कामाचं. माझी लेक मानसशास्त्रात एम. ए. करते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, तुझ्यासारख्यांवर अभ्यास झालाय." १९८४ साली टिमथी सॉल्टहाऊस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तरुण टायपिस्टांपासून साठीपलीकडच्या टायपिस्टांपर्यंत अनेकांना तपासलं. पडद्यावर अक्षर दिसलं की त्याचं ठरलेलं बटण दाबायचं, अशा चाचण्यांत वयस्क हळू पडले. टायपिंगचा वेग मात्र वयाने पडला नव्हता. हे कसं, ते शोधायला त्याने पुढची किती अक्षरं दिसावीत हे कमी-कमी करत नेलं. तेव्हा कळलं की वयस्कांची नजर हाताच्या अधिक पुढे धावते. बोट मंद झालं, म्हणून डोळा आधी निघतो.

ताटात भात तसाच ठेवून मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. कारण मी हेच करते, आणि करते हे मला ठाऊक नव्हतं. बोटं 'सदर मिळकतीच्या' वर असतात तेव्हा डोळा चतुःसीमेपर्यंत, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंच्या हद्दींपर्यंत पोचलेला असतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसातला २४ वर्षांचा मुलगा माझ्या निम्म्या वेळात भाड्याचा करार काढतो. त्याचा वेग बघत राहावा असा आहे, युनिकोडमध्ये टाइप करायला त्यानेच मला शिकवलं. त्याचा एक करार सहीला जाणार होता, मी सहज नजर टाकली. मुदत अकरा महिने, १ जून ते ३१ मे. हात आपोआप थांबला. १ जूनला सुरू झालेले अकरा महिने ३० एप्रिलला संपतात. मी काही मोजलं नव्हतं. इतके करार डोळ्यांखालून गेलेत की चुकीची तारीख खड्यासारखी लागते. आता साहेब बरंचसं तोंडी सांगतात आणि मशीनच ते लिहून काढतं, माझ्याकडे ते तपासायला येतं. टायपिस्ट म्हणून लागले, आता दिवसभर वाचतेच जास्त. सुरुवातीला याचं वाईट वाटलं होतं, आज वाटत नाही.

पण त्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. त्यातले सगळे कामावर टिकलेले लोक होते. ज्यांचं जमेनासं झालं ते आधीच घरी गेले असतील, त्यांना कोण मोजणार? आणि कित्येक कामं अशी की तिथे नजर पुढे धावून काही होत नाही.

आमच्या डब्यातली एक मैत्रीण दादरला कपड्यांच्या दुकानात काउंटरला होती. बावीस वर्षं. कोणत्या अंगाला कोणता रंग खुलेल हे ती गिऱ्हाईक पायरी चढताना ओळखायची. पन्नाशीला गुडघे गेले. दहा तास उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, हे मी लेकीकडून ऐकून तिला गाडीत सांगितलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मी साहेबांकडे मोठा पडदा आणि पायाखाली घ्यायला पाट मागितला, आठवड्यात मिळाला. तिने मालकाकडे एक स्टूल मागितलं होतं. आता ती घरीच असते. ठाणं गेलं की मी तिला फोन करते, आणि ती आधी विचारते, आज बसायला मिळालं का?