पान, पाय, पाठ

"आई, मग वाचणाऱ्याला कळणार कसं?"

लेकीला फिलिपिन्सच्या पलावान बेटावरची तागबान्वा लिपी दाखवत होते. 13 व्यंजनं, 3 स्वर. ब्राह्मीच्याच कुळातली, देवनागरीची लांबची बहीण. बांबूवर कोरायची, खालून वर. पण अक्षराला जोडून येणारं शेवटचं व्यंजन लिहायचंच नाही! आपले पान, पाय, पाठ त्या लिपीत सारखेच दिसतील, नुसता 'प'.

ज्याला भाषा येते तोच उरलेलं मनातून भरतो.

ही लिपी वापरणाऱ्या तागबान्वा लोकांच्या पूजाविधीचं नाव पागदिवाता. त्यातली 'दिवाता' म्हणजे आपली देवताच; तो शब्द बघून तर मला भरूनच आलं.

1999 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत ही लिपी गेली. पण ती गाळलेली व्यंजनं भरणारी माणसं उरली नाहीत, तर लेकीला काय उत्तर देऊ?