लेकशोर लॉज, २०४२ आणि डिस्ने वर्ल्डची कागदपत्रं

ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, बे लेकच्या काठावर, वाइल्डरनेस लॉज आणि फोर्ट वाइल्डरनेस यांच्या मधल्या जागेत डिस्ने लेकशोर लॉज उभं राहतंय. या जागेचा इतिहास माहीत असेल तर डिस्नेच्या नव्या हॉटेलांबद्दलच्या निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात. इथे १९७६ ते २००१ रिव्हर कंट्री नावाचं वॉटर पार्क होतं. ते बंद पडून पडीक झालं. २०१८ मध्ये डिस्नेने इथे 'रिफ्लेक्शन्स' नावाचं ९०० हून अधिक खोल्यांचं रिसॉर्ट जाहीर केलं, उद्घाटनाचं वर्ष २०२२. झाडं तोडली, जुनं बांधकाम पाडलं आणि २०२० मध्ये काम थांबलं. मग नवं नाव घेऊन प्रकल्प परतला, उद्घाटन आता २०२७.

काम थांबल्यावर बऱ्याच जणांनी हा प्रकल्प संपला असं ठरवून टाकलं होतं. पण तयार केलेली जागा डिस्ने सहसा सोडत नाही. २००३ मध्ये उघडलेल्या पॉप सेंच्युरी हॉटेलचा दुसरा अर्धा भाग, 'लेजेंडरी इयर्स', २००१ नंतर अर्धवट राहिला. इमारतींचे सांगाडे कित्येक वर्षं तसेच उभे होते. त्याच जागेवर २०१२ मध्ये आर्ट ऑफ अॅनिमेशन उघडलं, १,९८४ खोल्यांचं. १९७० च्या दशकातल्या मूळ आराखड्यात 'एशियन' नावाचं हॉटेल होतं, ते झालं नाही, आणि त्या जागी १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन आलं. ड्रेनेज, वीज आणि रस्ता जिथवर पोचलेत त्या जागेवर झालेला खर्च वाया घालवण्यात कुणालाच रस नसतो. म्हणून नव्या हॉटेलाचा अंदाज बांधताना रिकामं रान शोधण्याआधी जुन्या थांबलेल्या जागा बघाव्यात.

हॉटेल म्हटलं की टाइमशेअर (म्हणजे दरवर्षी राहण्याचा हक्क ठरावीक वर्षांसाठी विकणं) गृहीत धरावं, हाही अनुभवाचाच नियम. आर्ट ऑफ अॅनिमेशननंतर डिस्नेने इथे स्वतःची निव्वळ हॉटेलची मोठी इमारत एकच बांधली: कोरोनाडो स्प्रिंग्जचा ग्रान देस्तिनो टॉवर (२०१९, ५४५ खोल्या), आणि तोही मुख्यतः अधिवेशनांच्या पाहुण्यांसाठी. बाकी मोठी भर डिस्ने व्हेकेशन क्लबची, म्हणजे डीव्हीसीची. कारण उघड आहे. हॉटेलची खोली बांधण्याचा खर्च वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतात. टाइमशेअरमध्ये पॉइंट (दरवर्षी खोली राखायला वापरायचं एकक) विकले की बांधकामाचा पैसा सुरुवातीलाच हातात येतो आणि पुढची देखभाल, राखीव निधी, मालमत्ता कर हे सगळं मालकांच्या वार्षिक शुल्कातून भागतं. जमीन मात्र डिस्नेचीच राहते. क्लबला ती ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि मुदत संपली की सगळं परत डिस्नेकडे.

आता कागदांकडे. अफवा खरी की खोटी हे फ्लोरिडात बऱ्यापैकी तपासता येतं, कारण सगळं सार्वजनिक नोंदीत असतं. फक्त कुठला कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कळायला हवं.

सगळ्यात आधी दिसतं ते साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टचं पर्यावरण परमिट. फ्लोरिडात पाणी आणि पाणथळ जमीन हा बांधकामाचा पहिला अडथळा, त्यामुळे पावसाच्या पाण्याचे तलाव, डांबरी-काँक्रीट पृष्ठभागाचं क्षेत्र आणि इमारतीची बाह्यरेषा या नकाशात आधीच काढून द्यावी लागते. इथे पार्किंगच्या जागा मोजा. इमारतीची लांबी मोजा आणि मजल्यांचा अंदाज घेऊन खोल्यांचा हिशेब करा. मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतील तर एका खोलीला साधारण चार ते साडेचार मीटर रुंदी लागते. एक बेडरूमचा व्हिला दोन खोल्यांएवढी रुंदी खातो. म्हणून बाल्कन्यांमधलं अंतर एकसारखं नसेल तर टाइमशेअरची शंका घ्यायला जागा आहे.

चुकतं कुठे? परमिट म्हणजे बांधकाम नव्हे. बांधकामाचं परमिट साधारण ५ वर्षांचं असतं, आणि राज्यपालांनी वादळासारखी आणीबाणी जाहीर केली की कायद्याने मुदतवाढ मागता येते. अशी मुदतवाढ मागितल्याचं पत्र सापडलं की 'प्रकल्प पुन्हा सुरू' अशी बातमी पसरते. हे पत्र कारकुनी कामकाज आहे. वकील ते आपोआप पाठवतात, कारण परमिट हातचं गेलं तर अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. नवा नकाशा जोडलेला असेल, तलावाची जागा किंवा इमारतीचा आकार बदललेला असेल, तरच त्या कागदाला किंमत द्यावी.

दुसरा कागद नोटिस ऑफ कमेन्समेंट, म्हणजे काम सुरू करण्याची सूचना. ही काउंटीच्या नोंदीत जाते. डिस्नेचा बराचसा परिसर ऑरेंज काउंटीत आहे, तर दक्षिणेचा भाग ओसिओला काउंटीत, तेव्हा दोन्हीकडे शोधावं. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे नोंदीपासून ९० दिवसांत काम सुरू झालं नाही तर ही सूचना बाद ठरते. वेगळी तारीख लिहिली नसेल तर तिची मुदत १ वर्ष. म्हणजे ही नोंद आली की ठेकेदार खरोखर दारात उभा आहे. पण इथेही घाई नडते. छत दुरुस्ती, स्विमिंग पूलची फरशी, वातानुकूलन बदलणं, या सगळ्याला हीच सूचना लागते. कामाचं वर्णन 'जनरल कन्स्ट्रक्शन' एवढंच असेल तर ठेकेदार कोण आहे ते बघा. आतल्या सजावटीचा ठेकेदार असेल तर खोल्यांचं नूतनीकरण, जमिनीची खोदाई करणारा असेल तर नवं बांधकाम. प्रकल्पाला सांकेतिक नाव दिलेलं असतं, त्यावरून काही ताडायचा प्रयत्न करू नये. पत्ता आणि ठेकेदार पुरेसे आहेत.

उंच क्रेनसाठी आणखी एक जागा: विमान वाहतूक विभागाच्या अडथळ्यांच्या नोंदी. २०० फुटांपेक्षा उंच काही उभं करायचं तर आधी कळवावं लागतं, आणि त्यात अक्षांश-रेखांश आणि उंची दोन्ही असतात. डिस्ने इमारती मुद्दाम २०० फुटांच्या आत ठेवतं, पण क्रेन त्याहून वर जाऊ शकते.

तिसरा आणि टाइमशेअरसाठी खरा कागद म्हणजे भाडेपट्ट्याची नोंद आणि कंडोमिनियमचं (हिस्सेदारांच्या मालकीच्या इमारतीचं) घोषणापत्र. यात 'डिस्ने व्हेकेशन डेव्हलपमेंट' हे नाव आलं की विषय संपला, ते क्लबचंच. कुठल्या असोसिएशनमध्ये (मालकांच्या संघटनेत) इमारत जाणार, मुदत कुठल्या वर्षी संपणार, रिसेलवर (मालकाकडून पॉइंट विकत घेण्यावर) काय बंधनं, सगळं याच कागदात.

माझ्या मते हॉटेल होणार की नाही यापेक्षा असोसिएशनचा प्रश्न कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर चर्चा मात्र सगळ्यात कमी होते. डिस्ने वर्ल्डमधल्याच पॉलिनेशियन रिसॉर्टचा आयलँड टॉवर घ्या. मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला, १७ डिसेंबर २०२४ ला उघडला. मधल्या काळात लोक रंग आणि आकारावर भांडत होते, पण प्रश्न एकच होता: हा टॉवर २०१५ च्या जुन्या पॉलिनेशियन व्हिलांच्या असोसिएशनमध्ये जाणार की नव्या? तो जुन्याच असोसिएशनमध्ये गेला, २०६६ पर्यंतच्या. मालकांना स्वतःच्या रिसॉर्टमध्ये ११ महिने आधी आणि क्लबच्या इतर रिसॉर्टमध्ये ७ महिने आधी खोली राखता येते. त्यामुळे जुन्या मालकांना ११ महिने आधी आरक्षणाचा हक्क टॉवरमध्येही मिळाला. पण त्याच ११ महिन्यांच्या रांगेत टॉवरचे नवे मालकही आले. आणि इतर जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिसेलने घेतलेल्यांनाही ७ महिने आधीच्या खिडकीत टॉवर उघडा राहिला.

हे शेवटचं कळायला १९ जानेवारी २०१९ लक्षात ठेवावा लागतो. त्या तारखेनंतर जुन्या १४ रिसॉर्टपैकी कुठलेही पॉइंट रिसेलने घेतले तर ते त्या १४ मध्येच वापरता येतात. त्यानंतर आलेल्या रिव्हिएरा, डिस्नेलँड हॉटेलचे व्हिला आणि फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन्स इथे ते चालत नाहीत. उलट रिव्हिएराचे पॉइंट रिसेलने घेतले तर फक्त रिव्हिएरातच राहायचं. ग्रँड फ्लोरिडियनची बिग पाइन की इमारत २०२२ मध्ये हॉटेलातून क्लबमध्ये आणली, ती जुन्या असोसिएशनमध्ये (२०६४) गेल्यामुळे तिथेही हे बंधन लागू झालं नाही. थोडक्यात, अस्तित्वात असलेल्या रिसॉर्टला जोडलेली इमारत बहुधा जुन्या नियमांत बसते आणि स्वतंत्र नावाचं रिसॉर्ट बंधनांसह येतं. लेकशोर लॉज स्वतंत्र नावाचं आहे. शेजारच्या वाइल्डरनेस लॉजमधल्या क्लबच्या कॉपर क्रीकमध्ये (मुदत २०६८) ते जोडलं जाईल ही आशा मला भाबडी वाटते.

केबिन्सचं उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचं. जुलै २०२४ मध्ये उघडलेल्या या केबिन्स डिस्नेने कंडोमिनियमऐवजी ट्रस्टच्या रचनेत विकायला काढल्या. कंडोमिनियममध्ये तुमच्या डीडवर (मालकीच्या दस्तऐवजावर) ठरावीक युनिटमधला अविभक्त हिस्सा असतो. ट्रस्टमध्ये हिस्सा ट्रस्टच्या मालमत्तेत असतो, आणि त्या ट्रस्टमध्ये पुढे आणखी मालमत्ता घालता येते. म्हणून लेकशोर लॉजची कागदपत्रं बघताना ट्रस्टचं नाव आहे का हे आधी शोधावं. सुट्या केबिन्सची देखभाल एका छताखालच्या खोल्यांपेक्षा महाग पडते, तिथलं वार्षिक शुल्क त्यामुळेच चढं आहे. वेगवेगळ्या खर्चाच्या मालमत्ता एका ट्रस्टमध्ये आल्या तर शुल्काची विभागणी कशी होते, हे कलम शब्द न् शब्द वाचण्यासारखं असेल.

किती हॉटेलं येऊ शकतात याची वरची मर्यादा डिस्नेच्या परिसराचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्टच्या आराखड्यात दिसते. २०२३ मध्ये जुन्या रीडी क्रीक डिस्ट्रिक्टच्या जागी हे मंडळ आलं, आणि जून २०२४ च्या विकास कराराभोवतीच्या आराखड्यात हॉटेल खोल्यांची कमाल संख्या सुमारे ४०,००० वरून ५३,००० हून अधिक करण्यात आली. करारात पुढच्या १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणुकीची भाषा आहे. हा आकडा '१३,००० नव्या खोल्या येणार' असा फिरतो. ते चूक आहे. ही फक्त मुभा आहे, बांधण्याचं वचन नाही.

आणि मग २०४२. त्या वर्षीच्या ३१ जानेवारीला बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज, ओल्ड की वेस्टचा मोठा भाग, तसंच फ्लोरिडाबाहेरचं हिल्टन हेड आणि समुद्रकाठचं व्हेरो बीच, यांची मुदत संपते. ओल्ड की वेस्टच्या मालकांना २००७ मध्ये १५ वर्षांची वाढ विकत दिली होती. काहींनी घेतली, काहींनी नाही, आणि आता एकाच रिसॉर्टमध्ये २०४२ आणि २०५७ अशा दोन मुदतींचे मालक आहेत. हा गुंता डिस्ने पुन्हा करणार नाही असं मला वाटतं. एपकॉट थीम पार्कला चालत जाता येईल अशी बोर्डवॉक आणि बीच क्लबची जागा मोकळी झाली की तिथे नूतनीकरण करून नवे करार विकणं त्यांच्या फायद्याचं. जुन्या मालकांना स्वस्तात वाढ मिळेल या भरवशावर २०४२ चे पॉइंट घेऊ नयेत.

हिशेब सोपा आहे. समजा २०२६ मध्ये २०४२ च्या रिसॉर्टचा पॉइंट १०० डॉलरला मिळतोय. उरली १६ वर्षं, म्हणजे वर्षाला ६.२५ डॉलर. २०६६ चा पॉइंट १६० डॉलरला असेल तर ४० वर्षांत वर्षाला ४ डॉलर. यात वार्षिक शुल्क मिळवायचं आणि ते दरवर्षी वाढतं हे धरायचं. स्वस्त दिसणारा पॉइंट अनेकदा महाग निघतो तो इथे. अर्थात ४० वर्षांचे पैसे आज द्यायचे आहेत. मुलं सात-आठ वर्षांची असतील आणि पुढची दहा-बारा वर्षंच जायचं असेल, तर छोटी मुदत हा शहाणपणाचा पर्याय ठरू शकतो. अमेरिकेतली मराठी कुटुंबं भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन जातात, त्यांना स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा व्हिला लागतो, आणि असे व्हिला नाताळाच्या सुट्टीत ११ महिन्यांच्या खिडकीतच संपतात. तेव्हा स्वतःचं रिसॉर्ट कुठलं हे दरापेक्षा आधी ठरवावं.

रिसेलने घेताना विक्रेत्याशी किंमत ठरली तरी डिस्नेला तोच व्यवहार त्याच किमतीला स्वतः घेण्याचा पहिला हक्क असतो. त्याच्या उत्तरासाठी काही आठवडे धरून चालावं आणि तोवर विमानाची तिकिटं काढू नयेत. डिस्नेकडून थेट घेतलं तर फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्याने सही केल्यापासून किंवा शेवटचा कागद हातात पडल्यापासून, यांतली जी तारीख नंतरची, तिथून १० दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. घोषणापत्रातली मुदत, ट्रस्टचं कलम आणि रिसेलची बंधनं वाचायला हे १० दिवस वापरावेत. विक्री कार्यालयात तोंडी सांगितलेलं काहीही या कागदात नसेल तर त्याला करारात जागा नाही.